ऑपरेशनच्या पैशांसाठी हक्कसोडपत्रावर सही करू का?

ताई,

मी २७ वर्षांचा ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मदाखल्यावर मुलगी, पण आहे पुरुष. गाव कराडजवळ. नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. हातात ३१ हजार येतात, त्यातले ६ हजार घरी पाठवतो. दोन वर्षांपासून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, चालू आहे. आवाज बदलला, दाढी आली, छाती मात्र तशीच. शिफ्टला जाताना क्रेप बँडेज आवळून बांधतो, ते बारा तासांनी सोडतो. या उन्हाळ्यात दोनदा चक्कर आली. पुण्यातल्या सर्जननी टॉप सर्जरीचे, म्हणजे छाती सपाट करण्याच्या ऑपरेशनचे, २ लाख ४० हजार सांगितलेत. माझ्याकडे ७० हजार आहेत. कंपनीच्या मेडिक्लेमवाल्यांनी फोनवरच सांगितलं, हे बसत नाही.

आमची चार एकर बागायत आहे, पणजोबांपासूनची. घरात आई, वडील, दादा आणि मी. दादा म्हणतो, ‘४ लाख रोख देतो, रजिस्ट्रार ऑफिसात येऊन हक्कसोडपत्रावर सही कर. तू मोकळा, मी मोकळा.’ आई म्हणते घे, निदान तुझं काम तरी होईल. रूमवरचा मित्र म्हणतो ॲपवरून कर्ज काढ, दहा मिनिटांत मिळतं. मला आता खरंच थांबवत नाही. घरच्यांना एवढ्या खर्चात टाकून मी स्वार्थीपणा करतोय का, हेही सारखं मनात येतं. काय करू?

— अ., चाकण

प्रिय अ.,

हक्कसोडपत्रावर सही करू नकोस. आणि ऑपरेशनही रद्द करू नकोस. या दोन गोष्टी दादाने एकमेकींना बांधल्या आहेत, तू त्या आधी सोडव.

पण त्याही आधी ते क्रेप बँडेज. ते छातीवर बांधण्यासाठी नसतं. आपण श्वास घेतो, हलतो, तसं ते आणखी आवळत जातं. त्याने फासळ्या दुखावतात आणि श्वास उथळ होतो. शॉप फ्लोअरच्या उकाड्यात तुला चक्कर आली त्यात नवल नाही. चांगला शिवलेला, तुझ्या मापाचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट ठेवणारं खास बनियन, घे, हजार-दोन हजारांत मिळतो. आठ तासांच्या वर घालू नकोस, झोपताना तर कधीच नको, आणि सुट्टीच्या दिवशी छातीला मोकळं राहू दे. बारा तासांची शिफ्ट असेल तर मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन थोडा वेळ काढून ठेव. चक्कर पुन्हा आली किंवा फासळीत कळ आली तर डॉक्टरांना दाखव, आणि काय बांधतोस ते त्यांना सांग. या सगळ्याला अजून सात-आठ महिने लागणार आहेत. तेवढे दिवस तुला धड श्वास घेता आला पाहिजे, आणि ऑपरेशनच्या टेबलावर जाताना छाती धडधाकट हवी.

आता जमीन. चार एकर म्हणजे १६० गुंठे. वाटणी झाली आणि आईचाही वाटा धरला, तरी चौघांत प्रत्येकी ४० गुंठे, म्हणजे तुझ्या वाट्याला एक एकर. दादा ४ लाख देतो म्हणजे गुंठा दहा हजारांनी मागतो. कराडकडच्या पाण्याखालच्या जमिनीचा भाव तुला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. गावातल्या कुणी परक्याने या भावाने जमीन मागितली असती, तर दादानेच त्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं असतं.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच मिळतो. म्हणजे तुझ्या जन्मदाखल्यावर आज मुलगी लिहिलेलं असो की उद्या सगळ्या कागदांवर पुरुष होवो, तुझा वाटा तेवढाच राहतो. ‘आता तू मुलगी नाहीस, मग तुझा कसला हक्क’ असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. जमीन वडिलांच्या नावावर नेमकी कशी चढली यावर मात्र बरंच अवलंबून असतं. म्हणून सातबारा आणि जुने फेरफार काढ आणि स्वतःच्या वकिलाला दाखव. दादाने आणलेल्या वकिलाला नको. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे विचार. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात.

तू सत्ताविसाव्या वर्षी, घाईत आणि दुखत्या छातीने तो कागद करायला निघाला आहेस, म्हणून मी एवढं लांबवून सांगते आहे. ज्याला थांबवत नाही त्याच्याशी सौदा करणं सोपं असतं. दादा हे मुद्दाम करतोय असं मी म्हणत नाही. शेत तो बघतो, आईवडील त्याच्याजवळ आहेत, तू शहरात. त्याला त्याचा वाटा मोठा वाटत असेल. त्यावर बोला, जरूर बोला. पण ऑपरेशन होऊन, बरं होऊन, शांत डोक्याने.

स्वार्थाचं विचारलंस. तू दर महिन्याला ६ हजार घरी पाठवतोस, म्हणजे वर्षाला ७२ हजार. तुझ्या हार्मोनचा खर्चही तूच करत असशील. घरच्यांनी अजून तुझ्या ऑपरेशनसाठी एक रुपयाही काढलेला नाही. दादा देतोय ती किंमत आहे, मदत नाही. मग खर्चात कोण पडलंय? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. त्यात तुझ्यासारख्यांची अवस्था मानसिक आजारांच्या यादीतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे, ती यासाठी की उपचार मिळत राहावेत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं असतं तर तू पैशांची जुळवाजुळव करताना स्वतःला स्वार्थी म्हणाला नसतास. हेही तसंच धर.

मेडिक्लेमवाल्यांनी फोनवर जे सांगितलं त्यामागे एक छापील कलम आहे. विमा नियामक इर्डाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून काय काय वगळता येईल याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्या यादीत सातवा कोड लिंगबदलाच्या उपचारांचा आहे आणि आठवा कॉस्मेटिक सर्जरीचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा मंजूर केला. त्याचं कलम १५ सांगतं की सरकारने या शस्त्रक्रिया, हार्मोन आणि लेझर उपचारांचा खर्च भागेल अशी विमा योजना करावी. दोन महिन्यांच्या अंतराने झालेल्या या दोन गोष्टी. कायद्याने ज्याला आरोग्यसेवा म्हटलं, ते पॉलिसीतून बाहेर ठेवायची वाट त्याच वर्षी पक्की करून दिली. याचा मला राग येतो, आणि तुला नुसतं ‘बसत नाही’ एवढंच सांगून फोन ठेवला याचाही.

तरी तुझ्या उपयोगाची एक गोष्ट यात आहे. ते कलम वगळण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. ग्रुप पॉलिसीत काय घ्यायचं ते तुझी कंपनी आणि विमा कंपनी मिळून ठरवतात, आणि काही कंपन्यांनी हा खर्च आपल्या पॉलिसीत घेतलेला आहे. तुझ्या कंपनीच्या पॉलिसीची पूर्ण प्रत मागव. प्रत मागताना कारण सांगावं लागत नाही. त्यात सातवा कोड आहे का आणि पॉलिसीचं नूतनीकरण कोणत्या महिन्यात आहे, ते बघ. एचआरमध्ये विश्वासाचं माणूस असेल तर नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी लेखी विनंती देता येईल. कामावर तुझ्याबद्दल कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. ते उघड करायचं की नाही हा निर्णय तुझाच. विम्यासाठी तो घाईने घेऊ नकोस. आणि एखाद्या दवाखान्यात कुणी सुचवलं की ‘कागदावर गाठ काढली असं लिहू, क्लेम पास होईल’, तर तिथून उठून ये. खोटा क्लेम उघडा पडला की पैसे जातात, पॉलिसी जाते, आणि पुढच्या खऱ्या दुखण्याच्या वेळी तू उघडा पडतोस.

सरकारी वाट लांब आहे, पण तिकडे एक अर्ज आजच जाऊ दे. केंद्राच्या सामाजिक न्याय विभागाने आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने २४ ऑगस्ट २०२२ रोजी आयुष्मान भारत टीजी प्लससाठी करार केला. ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि त्यात या शस्त्रक्रियाही, असं त्याचं स्वरूप. ते प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं आणि त्यासाठी राष्ट्रीय पोर्टल आहे. अर्ज भरण्याआधी पोर्टलवरचे त्या दिवशीचे नियम नीट वाच. करार झाला म्हणून रुग्णालयाच्या खिडकीवर कार्ड चालेलच असं नाही. त्यामुळे रुग्णालयात दोन प्रश्न सरळ विचार: टीजी प्लसचं पॅकेज तुमच्याकडे सुरू आहे का, आणि आतापर्यंत कुणाची छातीची शस्त्रक्रिया त्यातून झाली आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर त्या भरवशावर तारीख धरू नकोस.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्लास्टिक सर्जरी विभागात मात्र प्रत्यक्ष जा. बीडचे पोलिस शिपाई ललित साळवे तुला आठवत असतील. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, खात्याने आधी नाकारली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. मुंबईच्याच जीटी रुग्णालयात २०२३ मध्ये ट्रान्सजेंडर रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला. सरकारी ठिकाणी थांबावं लागतं, चकरा होतात, ओपीडीच्या रांगेत जुन्या नावाने हाक मारतात. हे सगळं सहन करायचं की नाही ते तू ठरव. पण खर्चातला फरक मोठा असतो, म्हणून न बघता सोडू नकोस. तमिळनाडूने २००८ मध्येच ट्रान्सजेंडर कल्याण मंडळ केलं आणि चेन्नईच्या सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रिया मोफत होतात. केरळ सरकार झालेल्या खर्चाची भरपाई देतं. आपलं मंडळ २०२० मध्ये झालं. इथेही हे होऊ शकतं, आणि आपण ते मागत राहिलं पाहिजे.

आता खासगीत करायचं तर खरा आकडा काढू. २ लाख ४० हजार हा सर्जननी सांगितलेला आकडा झाला. त्यात काय धरलं आहे ते लेखी घे: रक्ततपासण्या, भूल, खोली, काढलेल्या ऊतींची तपासणी, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर नेणारी नळी) काढायला परत यावं लागेल त्याचे पैसे, नंतर घालायचं प्रेशर व्हेस्ट. मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र लागेल, त्याची फी वेगळी. व्रण किंवा आकार नीट झाला नाही तर दुरुस्तीची छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. ती फुकट, अर्ध्या पैशांत की पूर्ण? हे आधी विचारलं नाही तर नंतर वाद होतात. मग रजा. तुझं काम उभ्याचं आहे, पेट्या उचलायच्या आहेत. तीन-चार आठवडे तरी घरी बसावं लागेल आणि जड उचलणं त्यानंतरही काही काळ बंद. पगारी रजा शिल्लक नसेल तर एका महिन्याचे ३१ हजार गेले असंच धर. जवळ राहायला कुणीतरी लागेल, त्याचा प्रवास आणि जेवण. या सगळ्याला मिळून मी ३ लाख धरते.

ॲपवरचं कर्ज नको. दहा मिनिटांत मिळणाऱ्या पैशाला शेकडा तीन जरी लागले, तरी २ लाखांवर महिन्याला ६ हजार नुसतं व्याज जातं आणि मुद्दल तिथेच राहतं. वसुलीवाले तुझ्या फोनमधल्या नंबरांवर फोन करू लागले, तर तुझं गुपित त्यांच्या हातात जाईल, आणि तुझ्या बाबतीत हा धोका इतरांपेक्षा मोठा आहे. पैसे जमवण्याच्या वेबसाइटवर फोटोसह आवाहन टाकण्याबद्दलही मी हेच म्हणेन. ते आवाहन कराडला पोचणार हे धरूनच टाक, नाहीतर टाकू नकोस. त्यापेक्षा ओळखीच्या आठ-दहा जणांची भिशी चालते, आणि पहिली उचल तुला मिळावी असं आधीच ठरवता येतं.

कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर तिथून घे. जामीनदार लागतात, व्याज बाजारापेक्षा कमी असतं, आणि अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ एवढं लिहिलं की पुरतं. समज, दीड लाख दोन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता ७,०६० रुपयांच्या आसपास बसतो आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजार. पुढचे आठ महिने दरमहा १० हजार बाजूला टाकलेस तर ८० हजार. तुझे ७० हजार धरून दीड लाख. वर पतसंस्थेचे दीड लाख. झाले ३ लाख. यासाठी घरी पाठवायचे ६ हजार तुला ३ हजारांवर आणावे लागतील. आईला तसं स्वतः सांग.

पीएफमधूनही आजारपणासाठी रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही, पण ती शेवटी ठेव. आणि एक काळजी घे: आधारवर नवीन नाव आणि पीएफच्या खात्यावर जुनं नाव असेल तर दावा अडकतो. त्यामुळे पैसे लागणार असतील तर एकतर नाव बदलण्याआधी काढ, नाहीतर राजपत्र, आधार, पॅन, बँक आणि पीएफ हे सगळं एका ओळीत करून मगच अर्ज भर. अर्धवट बदललेल्या नावामुळे ऐन ऑपरेशनच्या आठवड्यात स्वतःचेच पैसे अडकलेले मी पाहिले आहेत.

या सदराला ट्रान्स स्त्रियांचीही पत्रं येतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत दादाच्या जागी गुरू असतो, म्हणजे त्या ज्या समूहात राहतात त्याचा प्रमुख. गुरूने ऑपरेशनचे पैसे भरले आणि मग वर्षानुवर्षं कमाई फेडण्यात गेली, किंवा पैसे नाहीत म्हणून परवाना नसलेल्या माणसाकडून जीव धोक्यात घालून करून घेतलं. त्यांनाही मी हेच सांगते: व्याज किती ते बघा, आणि फेडताना तुम्हाला कुठे राहावं लागेल, कुणाचं ऐकावं लागेल, तेही बघा. बिनव्याजी पैशातही हे असतं.

अ., एक गोष्ट मात्र घाईची नाही. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कुणाची लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. तू आजही पुरुषच आहेस. दादाने, डॉक्टरांनी किंवा चाकणच्या मित्रांनी तुला पुरुष मानावं म्हणून तारीख गाठायची नाही. छाती दुखते, बांधावी लागते, आरशात बघवत नाही, ते संपावं म्हणून ऑपरेशन करायचं आहे, आणि ते आठ महिन्यांनी झालं तरी तेवढंच तुझं राहील.

दादाला फोन करशील तेव्हा आई जवळ असू दे, आणि भांडणाच्या सुरात सुरुवात करू नकोस. एवढंच म्हण: ‘दादा, सही मी आत्ता करणार नाही. जमिनीचं आपण पुढच्या वर्षी सगळे बसून बोलू, वकील घेऊन. ऑपरेशनसाठी मी पतसंस्थेतून कर्ज काढतोय. तुला मदत करायची असेल तर यंदाच्या ऊसबिलातून ५० हजार उसने दे, मी लिहून देतो आणि दोन वर्षांत फेडतो.’ तो हो म्हणाला तर पतसंस्थेचं कर्ज तेवढं कमी घे. नाही म्हणाला तरी वरचा हिशोब त्याच्याशिवाय पुरा होतो.

सर्जनकडून खर्चाचा लेखी कागद आला की मला पाठव, आकडे आपण पुन्हा बघू. आणि पॉलिसीची प्रत याच आठवड्यात मागव.

— ताई